केबलवालीची धाकटी जाऊ

मी एक जुनी, हाताने लिहिलेली वाट आहे. पायाखालची नव्हे मित्रांनो, वराळ्याच्या एका पॉलिहाऊसच्या ऑफिसातल्या राउटरच्या पोटातली. निरोप कोणत्या बाजूने धाडायचा, हे राउटर आम्हा वाटांकडे पाहून ठरवतो.

राउटर बसवायला आलेल्या तळेगावच्या सारिकाने मला टाइप केलं. "सविताताई, केबल तुटली तर निरोप पंपघरातल्या वायरलेस डब्यावरून कोल्ड स्टोरेजला जातील," ती पॉलिहाऊसच्या मालकिणीला म्हणाली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पण कोल्ड स्टोरेजची केबल थेट राउटरला जोडलेली होती. ती खोचताच तिची वाट आपोआप उगवली, कोणी लिहिलीही नाही! राउटरचा नियम असा, की थेट जोडलेलीचा क्रमांक शून्य, हाताने लिहिलेलीचा एक, आणि लहान क्रमांकाला पहिला मान. म्हणजे ती थोरली जाऊ, मी धाकटी. कोल्ड स्टोरेजमधल्या थर्मामीटरला "किती गार?" असं विचारायचा निरोप रोज तीच मिरवत नेई. मी कोपऱ्यात बसून जळत असे. तिचं वाटोळं व्हावं, असंही मनात येई.

एके दिवशी उंदराने केबल कुरतडली. थोरली नाहीशी झाली आणि मी पदर खोचून पुढे आले. सगळे निरोप मी पंपघराकडे धाडू लागले. पलीकडे कोणी आहे की नाही, हे मला दिसत नाही. लिहिलंय तिकडे पाठवणं एवढंच मला येतं.

त्याच दुपारी कोल्ड स्टोरेजचं यंत्र बंद पडलं. आत सविताच्या पहिल्या मोठ्या ऑर्डरचे, लोणावळ्यातल्या लग्नाचे गुलाब होते. गरम झाल्याचं उत्तर आलं, की तिचा मोबाईल वाजे. उत्तरच आलं नाही. "मोबाईल गप हाय, म्हंजी समदं बेस हाय," ती लोणावळ्यात नवरीच्या आईला म्हणाली.

परतली तेव्हा खोलीभर गुलाब पुरते उमलले होते. लग्नाला कळ्या हव्या होत्या. सविताने कुरतडलेली केबल उचलून पाहिली.

"ताई, पंपघरातल्या डब्याचा प्लग म्या काढलाय. मोबाईल चार्जिंगला लावायचा व्हता," माळी दत्तोबा चाचरत म्हणाला.

"तुमचं काय चुकलं, भाऊ? त्या डब्याची मला तरी कुटं आठवण व्हती? मेल्या केबलनंच घात केला!"

माझं नाव शिवी द्यायलाही कोणी घेतलं नाही. त्या शिवीचाही मला हेवा वाटला.

आता नवी केबल आली आहे, थोरली पुन्हा मानाने बसली आहे. मित्रांनो, राखीव वाट लिहिली म्हणजे काम झालं, असं समजू नका. महिन्यातून एकदा तरी केबल मुद्दाम उपटा आणि मला चालवून पाहा. मी पोहोचले नाही तर रागवा, पण माझ्यावर रागवा.