रोवेनाची दुसरी शिक्षा

एल्डन राइमर्स यांना फेडरल कोर्टाचे जज म्हणून आयुष्यभराची नेमणूक मिळाली, तेव्हा शपथविधीला नेब्रास्कातलं आमचं अख्खं गाव लोटलं होतं. मक्याच्या शेतातून आलेला माणूस तिथवर पोचला होता. मी त्यांच्या कोर्टात लघुलेखक होते. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "माझं चुकलं तर तेही जसंच्या तसं लिहायचं बरं का, व्हर्ना."

कायद्याने जिथे मोकळीक ठेवली होती, तिथे ते माणूस बघून शिक्षा द्यायचे. मग रोवेना स्टुकीचा खटला आला.

रोवेना हायवेवरच्या खाणावळीत वाढायचं काम करायची. नवरा अमली पदार्थ विकायचा. त्याच्या सांगण्यावरून तिने दोन-तीनदा पुडकी पोचवली होती. एवढ्या मालाला कमीत कमी दहा वर्षं. पहिल्याच गुन्ह्याला सूट मिळू शकत होती, पण घरात पिस्तूल सापडलं होतं आणि हत्यार बाळगणाऱ्याला सूट नव्हती.

"पिस्तूल नवऱ्याचं होतं, हिचं नव्हे," असं म्हणून जजसाहेबांनी तीनच वर्षं दिली.

मागच्या बाकावर रोवेनाची आई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. रोवेना वळून लेकीला म्हणाली, "तू दुसरीत जाशील ना पिल्लू, तेव्हा मी घरी असेन."

सरकारी वकिलांनी अपील केलं. वरच्या कोर्टाने ठरवलं, पिस्तूल तिच्याही पलंगाखाली होतं. सूट लागू नाही. नव्याने शिक्षा देण्यासाठी खटला परत आमच्याकडे आला.

"दुसऱ्या जजकडे जाऊ द्या की," मी म्हणाले.

"तोही दहाच देणार. निदान तिला तोंड तरी मी दाखवायला हवं."

रोवेनाला तुरुंगातून आणलं. ती वाळली होती.

"माझ्या हातात काही उरलं नाही, मिसेस स्टुकी," जजसाहेब म्हणाले.

"तेव्हा होतं?"

"मला तसं वाटलं होतं."

"मग तेव्हाच दहा देऊन टाकायची होतीत! पोरगी शाळेत सांगत फिरते, आई येणार म्हणून. आता तिला काय सांगू?"

 त्यांनी दहा वर्षं सुनावली आणि मी ती टिपली.

त्यानंतर त्यांनी राष्ट्राध्यक्षांकडे तिच्या माफीसाठी अर्ज केले. एकावर नकार आला, बाकीच्यांवर काहीच नाही. मध्येच तिची आई वारली आणि मुलगी परक्या घरी वाढायला गेली. जजसाहेब तुरुंगात तिला भेटायला गेले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आता अर्ज नका करू, जजसाहेब. दर वेळी कुणीतरी येऊन सांगतं, या खेपेला होईल. मला ते सोसत नाही."

त्यांनी अर्ज थांबवले. ती सगळी वर्षं भोगून सुटली, पण लेकीने तिला भेटायला नकार दिला.

पूर्ण पगारावर निवृत्त व्हायचं वय झालं, तरी जजसाहेब खुर्चीवरच राहिले. का, ते मी विचारलं नाही. नंतर एका सकाळी एका पोराला शिक्षा सुनावायची होती, कायद्याने कमीत कमी पंधरा वर्षांची. त्याची आई न राहवून उभी राहिली. "साहेब, मनाने चांगलाय हो तो!"

"मला माहीत आहे, बाई," ते म्हणाले आणि त्यांनी पंधरा वर्षं सुनावली.