ओळखपरेड

सुंदरबाईंनी जबाबाच्या कागदावर बोट ठेवलं आणि तिसऱ्यांदा तेच सांगितलं.

"साहेब, अंगठा न्हाई, सही हाय ही. माझीच हाय. पन मानूस तो न्हाई."

टेबलापलीकडच्या हवालदाराने कागद ओढून फायलीत घातला.

"काकू, चार्जशीट कोर्टात जाऊन सहा महिने झाले. आता आमच्या हातात काय राहिलं?"

"मग कुनाच्या हातात हाय?"

"सरकारी वकिलाला विचारा."

अकरा महिन्यांपूर्वी लेकीच्या सासरहून परतताना त्या मांजरसुंब्याच्या फाट्यावर बीडच्या गाडीची वाट बघत उभ्या होत्या. मोटारसायकलवरच्या एका पोराने नेकनूरचा रस्ता विचारला. त्या हात करून दाखवतात तोवर गळ्यातलं मंगळसूत्र हिसकून तो पसार झाला. चार दिवसांनी ठाण्यात त्यांना मोबाइलवर फोटो दाखवला. एकच फोटो. "हाच ना?" असं साहेबांनीच विचारलं. रंग तसाच, केसही तसेच, भुवया अंधूक, आणि साहेब उगीच कशाला दाखवतील? बाई "हाच" म्हणाल्या. पुढे तुरुंगात ओळखपरेड झाली. रांगेत सात पोरं उभी होती. सुंदरबाईंनी त्यातला फोटोतला पोरगा अचूक ओळखला आणि तहसील कचेरीतून आलेल्या साहेबांनी तसं लिहून घेतलं.

त्या पोराचं नाव बाळू. फाट्यावरच्या एका धाब्यावर तो भट्टीवर होता. ओळख पटली आहे म्हणून त्याचा जामीन दोनदा फेटाळला गेला.

आणि गेल्या महिन्यात सिरसाळ्याच्या बाजारात सुंदरबाई मिरच्या निवडत असताना मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, जरा सरका." आवाज ऐकताच त्यांचा हात गळ्याकडे गेला. वळून पाहिलं तर डाव्या भुवईतून गेलेला तोच व्रण. तो त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितला होता, कुणी लिहून घेतला नव्हता. त्या ओरडेपर्यंत तो गर्दीत दिसेनासा झाला.

नवरा राधाकिशन ठाण्याबाहेर मोटारसायकलवर बसूनच होता.

"झालं समाधान? बोट आपनच दाखवलं, आता आपनच न्हाई म्हनायचं. लोकं काय म्हनतील?"

"लोकं तुरुंगात न्हाईत. ते पोरगं हाय."

राधाकिशनने गाडीला किक मारली.

सरकारी वकील कोर्टाच्या जिन्यात भेटले, तेही चालता चालता.

"जबाबाप्रमाणेच साक्ष द्या. फिरलात तर खोटी साक्ष दिली म्हणून तुमच्यावरच कारवाई होईल."

"खोटं तर मी आधी बोलले, साहेब. तवा कुनी कारवाई केली न्हाई."

वकिलांनी घड्याळ बघितलं आणि ते वर गेले.

साक्षीला तीन तारखा पडल्या. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा वकील दुसऱ्या कोर्टात, एकदा आरोपीला आणायला पोलीसच नाहीत. दर वेळी सुंदरबाई पहाटेची एसटी धरून बीडला आल्या आणि पुढची तारीख घेऊन परतल्या. दर तारखेला व्हरांड्यात एक म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली दिसे. ती बाळूची आई भिमाबाई, हे शिपायाने सांगितलं, तेव्हापासून त्या दुसऱ्या टोकाला बसू लागल्या.

चौथ्या तारखेला त्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. लुटणारा माणूस इथे आहे का, असं विचारल्यावर "न्हाई" म्हणाल्या. सरकारी वकिलांनी न्यायाधीशांची परवानगी घेऊन त्यांचीच उलटतपासणी सुरू केली.

"आरोपीच्या घरच्यांनी धमकी दिली?"

"न्हाई."

"मग आमिष दाखवलं?"

"न्हाई ओ. त्याच्या भुवईवर..."

"विचारलं तेवढंच सांगा."

साक्षभर त्यांनी नजर न्यायाधीशांच्या टेबलावरून हलवली नाही. आरोपी कोपऱ्यात उभा होता, त्या बाजूला मान वळलीच नाही.

गावात बातमी त्यांच्या आधी पोहोचली होती. पंचायतीचं राजकारण करणारा विजयसिंह चहाला म्हणून घरी आला.

"काकू, त्या पोराच्या लोकांनी दमदाटी केली असंल तर सांगा. त्यांचं बघून घिऊ आपन."

"कुनी दमदाटी केली न्हाई. चूक माझी व्हती."

"असं म्हनू नका. त्यांना लई जोर यीतो त्यानं."

सुंदरबाईंनी अर्धा भरलेला कप त्याच्या पुढ्यातून उचलला.

निकाल पंधरा दिवसांनी लागला. राधाकिशन आला नाही, त्या एकट्याच गेल्या. इंग्रजीत बरंच काही वाचलं गेलं. बाहेर आल्यावर त्यांनी बाळूच्या वकिलाला गाठलं. हा तरुण वकील सरकारनेच त्याला दिलेला होता.

"सुटला ना?"

"सुटला, काकू. फिर्यादी फितूर झाली, म्हणून संशयाचा फायदा."

"फितूर म्हंजी मी?"

"कायद्याची भाषा आहे ती."

"त्यानं काईच केलं न्हाई, असं न्हाई लिवलं? ओळखताना चूक माझी झाली, ते कुटं हाय?"

वकिलाने कागद उलटसुलट करून पाहिले, जणू खरंच कुठेतरी असेल.

"तसं काही नाही त्यात. जाऊ द्या, सुटला ना."

व्हरांड्यात पोलीस बाळूला घेऊन आला. सुटकेचे कागद व्हायला त्याला अजून एकदा तुरुंगात न्यायचं होतं, म्हणून हात धरलेला होता. सुंदरबाई खांबाशी सरकल्या. भिमाबाई मात्र उठली, पोलिसाला "दोन मिंटं" म्हणाली आणि लेकाला दंडाला धरून थेट त्यांच्या समोर घेऊन आली.

सुंदरबाईंनी हात जोडले. काय बोलायचं ते एसटीत घोकून ठेवलं होतं. त्यांची नजर त्याच्या चपलांवर होती.

भिमाबाईने त्यांचे जोडलेले हात खाली केले. आवाजात राग नव्हता.

"वर बघा, बाई. वरीस उलटून गेलं, तुमी माझ्या पोराला बघितलंच न्हाई. आता नीट बघून घ्या. पुन्यांदा चुकू नका."

बाळूने मान वळवली नाही. सुंदरबाईंनी डोळे वर केले.