चुगलखोर कॉम्प्युटर

आत्याबाईंना महिनाभर चक्कर येत होती. रक्तदाबासाठी एकाच डॉक्टरवर विसंबायचं कशाला, म्हणून त्या आधीपासूनच इस्पितळातल्या तिघांना आळीपाळीने दाखवत आणि प्रत्येकाला सांगत, "मी फक्त तुमचंच औषध घेते हो."

मग इस्पितळातल्या सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर गेल्या. त्यात डोकावून तिघांपैकी एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तदाबाची एकच गोळी तुम्ही तीन कंपन्यांच्या नावांनी घेताय. चक्कर येईल नाही तर काय?"

सोबत आलेला भाचा गालातल्या गालात हसला. आत्याबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन गोळ्या बंद झाल्या आणि आठवड्यात चक्कर थांबली. आत्याबाईंनी मात्र शेजारणीला विचारलं, "अजून कागदावर लिहिणारा एखादा डॉक्टर आहे का गं तुझ्या माहितीत?"