टिकारामची दोन जाळी

जाळ्याच्या काठाला शिशाच्या चौसष्ट गोळ्या होत्या. दोन गोळ्यांच्या मध्ये कुठे जाळीची सात घरं, कुठे नऊ, कुठे सहाच. काठाची दोरी जिथं जोडली होती तिथून स्नेहलनं मोजायला सुरुवात केली आणि फिरून तिथंच येऊन थांबली. हे घरातलं जाळं. दुसरं केशोरावकाकांनी वैनगंगेचा पूर ओसरल्यावर आणलेलं, बाभळीत अडकलेल्या फुटक्या डोंग्यातून, छोट्या होडीतून, सोडवून. त्यालाही गोळ्या चौसष्टच. तिनं तेही तसंच मोजलं.

तिचे बाबा, टिकाराम, पुराच्या आदल्या दिवशी मायशी भांडून जाळं खांद्यावर टाकून निघाले, ते आलेच नाहीत. दवनीवाडा गावात कुणी म्हणे नदीवर गेला, कुणी म्हणे जाळं विकून नागपूरला. त्यांनी एकाच मोजणीनं गोळ्या लावून दोन जाळी विणली होती; एक घरात राहिलं, दुसरं त्या दिवशी त्यांच्या खांद्यावर होतं. "एक चोरीले गेलं तं दुसरं सांगंन," म्हणायचे.

"तुह्या कॉलेजातल्या कंप्युटरले विचार," माय म्हणाली. "आपले डोळे मनासारखं पाहतात."

स्नेहल गोंदियाला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. लॅबमध्ये तिनं दोन अ‍ॅरे केले आणि प्रत्येकात एका जाळ्याचे आकडे ओळीनं भरले. भरताना एक ओळ दुसरीशी ताडून पाहायची नाही, असं मनाशी ठरवलंच होतं. खाली एक अट लिहिली: दोन्ही समान आहेत का?

उत्तर आलं, समान नाहीत.

संध्याकाळी मायनं बऱ्याच दिवसांनी पोटभर भात रांधला आणि केशोरावांना बोलावलं.

"हे घेऊन जा, भाऊजी. तुमच्या भावाच्या जाळ्याले इतका गाळ? तो तं मासोळीपेक्षा जाळंच जास्त धूत होता."

"नीट पाह्यलं ना, वहिनी?"

"मशीननं पाह्यलं. कोण्या बिचारीचा माणूस गेला असंन, वाट पाहून राहिली असंन. तिले शोधून द्या." केशोराव हलले नाहीत. "काऊन उभे राहिले? जा ना."

त्यांनी जाळं खांद्यावर घेतलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये प्रोग्रॅमिंग शिकवणारे प्रफुल्ल सर तिच्या मागे येऊन थांबले. प्रोग्रॅम वाचून हसले.

"ही अट कधीच खरी होणार नाही. हे दोन अ‍ॅरे म्हणजे मेमरीतली दोन घरं; त्यांचे पत्ते एकच आहेत का, एवढंच विचारलंस तू. आत कोण राहतं, ते विचारलंच नाहीस. एकेक आकडा घेऊन बघावं लागतं."

"म्हणजे कालचं उत्तर..."

"ते उत्तरच नव्हे. कसले आकडे आहेत हे?"

स्नेहलनं कीबोर्ड पुढे ओढला. तिनं ती अट खोडली. लूप लिहिला, पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत. जुळेल तिथं मोजणी एकानं वाढवायची. बोटं दोनदा चुकली. मग प्रोग्रॅम चालवला.

चौसष्टपैकी चौसष्ट.