सार्जंट सिल्वेइराचं झाड

सप्टेंबर लागला होता, दक्षिण गोलार्धातली थंडी ओसरत आली होती. सेलिका अर्रोस्पिदे परसात कांद्याचा वाफा भुसभुशीत करत होती, तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी हाक मारल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. तिनं मान वर केली आणि खुरपं हातातच राहिलं.

फाटकापाशी आदेमार सिल्वेइरा उभा होता. पोलिसातून निवृत्त होऊन त्याला दहा वर्षं झाली होती, तरी सान इलारिओ गावात लहानथोर त्याला सार्जंटच म्हणत. टोपी काढून त्यानं हातात धरली होती, दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद.

"दोन्या सेलिका," तो अदबीनं म्हणाला, "दोन मिनिटं बोलायचं होतं."

"बोला. फाटक मधे असलं तरी ऐकू येतं मला."

बावीस वर्षांपूर्वी हाच माणूस याच फाटकातून आत शिरला होता, तेव्हा टाळ्या वाजवायची तसदी त्यानं घेतली नव्हती. बरोबर दोन शिपाई होते. मक्याच्या आड गांजाचं एकच झाड होतं. त्याची पानं अल्कोहोलमध्ये मुरवून सेलिका आईच्या गुडघ्यांना चोळायची. झाड तिनंच लावलेलं. पण तिनं तोंड उघडायच्या आत धाकटा भाऊ एलादिओ पुढे झाला, "माझं आहे" म्हणाला. सार्जंटनं झाड उपटलं आणि त्याला नेलं. आठ महिने तुरुंगात काढले त्यानं. मधेच आई गेली, तेव्हा दोन तासांसाठी आणला होता त्याला, हातात बेड्या घालून. सुटून आला तर लोकरीच्या कारखान्यातली नोकरी गेलेली. तेव्हापासून तो गवंडीकाम करत होता आणि बहिणीजवळच राहत होता.

सार्जंटनं कागद उलगडून दाखवला. पोस्टात जाऊन त्यानं रीतसर नाव नोंदवलं होतं. नवा कायदा आला होता, घरात गांजाची सहा झाडं लावायची मुभा होती.

"ओदिलाचे हात गेलेत," तो म्हणाला. ओदिला त्याची बायको. "बोटं वाकडी झालीत. डॉक्टरच्या गोळ्यांनी पोट बिघडतं. कुणीतरी म्हणालं, अल्कोहोलमध्ये मुरवून..."

"कुणीतरी कशाला, तुम्ही स्वतः बघितलेली की ती बाटली. पुरावा म्हणून घेऊन गेलात."

सेलिकानं विचारलं, "आणि गावात बाकी कुणी भेटलं नाही? माझ्याच दारात का?"

"कारण ते झाड तुमचं होतं. मला तेव्हाच कळलं होतं. नखांत माती तुमच्या होती, एलादिओच्या नव्हती."

इतकी वर्षं तिला वाटायचं की हे फक्त तिला आणि भावालाच ठाऊक आहे. तिनं खुरप्याची माती झटकली आणि विचारलं, "किती लावणार?"

"सहा. कायद्यात सहा बसतात."

"कायद्यात बसतात, तुमच्या हातात बसणार नाहीत. टोमॅटो तरी लावलाय का कधी?"

"नाही."

"मग जा घरी," असं म्हणून ती वाफ्याकडे वळली.

जेवताना तिनं एलादिओला सांगितलं. त्यानं काटा खाली ठेवला.

"त्याला शिकवणार तू?"

"मी हो म्हटलं नाही."

"नाहीही म्हटलं नसशील. ओळखतो मी तुला."

प्रकरण तिथंच संपलं असतं. पण शनिवारी पावाच्या दुकानात सेलिकाच्या पुढे ओदिला उभी होती. पावाची पिशवी तिला बोटांत धरता येईना. ती मनगटात अडकवायला गेली तर पिशवी कलंडली आणि पाव जमिनीवर घरंगळले. मागचे लोक गोळा करायला वाकले. ओदिला हसून म्हणाली, "राहू द्या हो, आज पाव स्वतःच चालत घरी येणार आहेत." हसताना तिनं हात एप्रनखाली लपवले. सेलिकानं ते हात पाहिले. आईचे गुडघे असेच गाठाळलेले होते.

दुसऱ्या दिवशी ती सार्जंटच्या घरी गेली. खिशातून काडेपेटी काढून तिनं त्याच्या तळहातावर तीन बिया ठेवल्या.

"तीनच?" तो म्हणाला.

"तीनच. एखादी उगवणारच नाही. एखादं झाड नर निघेल, ते काढून टाकावं लागतं. उरलं तर एक उरेल, आणि पहिल्या वर्षी एकच पुरे. एकाकडे रोज बघता येतं. पान कधी पिवळं पडलं, का पडलं, कळतं. सहांच्या मागे लागलात तर एकही ओळखीचं होणार नाही."

"पण समजा सगळीच मेली तर? सहा असली तर निदान..."

"सहा मेली तर सहा मेली. शिकलात काय त्यातून?"

मग तिनं त्याला कामाला लावलं. तीन दह्याचे डबे, तळाला भोकं. परसातली माती, गांडूळखत, थोडी नदीची वाळू. बी बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा खोल नाही. पाणी माती सुकल्यावरच. सार्जंट छोट्या वहीत सगळं टिपून घेत होता.

"लिहिताय काय? जबाब घेतल्यासारखं?"

"सवय आहे हो."

"मग हेही लिहा. गावभर सांगत सुटायचं नाही. परवानगी असली तरी कुंपणावरून उडी मारणारे असतातच."

ओदिला खिडकीत बसून ऐकत होती. म्हणाली, "सेलिका, याला तू ओरडतेस ते मला फार आवडतं. चाळीस वर्षांत मला जमलं नाही."

तिन्ही बिया उगवल्या. सेलिकालाही नवल वाटलं. पण सार्जंट तेवढ्यावर थांबला नाही. राजधानीत राहणाऱ्या पुतण्याकडून त्यानं आणखी तीन बिया मागवल्या आणि कागदावरचा आकडा पुरा केला. ऑक्टोबरच्या शेवटी रोपं वीतभर झाली तेव्हा त्यानं त्यातली चार भिंतीलगत जमिनीत लावली. कुंड्या दोनच होत्या, त्यात दोन. सेलिकाला यातलं काहीच सांगितलं नाही.

आठवड्यानं सकाळी सातलाच तो फाटकाशी हजर. दाढी न केलेली, पायात सपाता.

"गेली," तो म्हणाला. "चारही. पान नाही, काही नाही. नुसत्या काड्या उभ्या आहेत."

"चार कुठून आली?"

तेव्हा त्याला सगळं सांगावं लागलं. सेलिका हात पुसून त्याच्याबरोबर निघाली. त्याच्या परसात आल्यावर वाकून तिनं जमीन पाहिली आणि बोटानं दाखवलं. भिंतीच्या फटीपासून झाडांपर्यंत करंगळीएवढी गुळगुळीत वाट पडली होती, आणि वाटेवर पानाची एक हिरवी कपची अजून चालत होती.

"मुंग्या. पानं कापणाऱ्या. एका रात्रीत संत्र्याचं झाड साफ करतात त्या. तुमच्या चार काड्या म्हणजे त्यांचा नाश्ता."

"तुम्ही मुंग्यांचं बोलला नव्हतात."

"सांगायला आले असते, तुम्ही जमिनीत लावताय हे कळवलं असतंत तर. कुंड्यांतली कुठे आहेत?"

ती दोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर होती म्हणून वाचली होती. सेलिकानं परात मागवली, तिच्यात पाणी भरलं, मधे वीट ठेवली आणि विटेवर कुंडी. "मुंगी पोहत नाही. पाणी आटू द्यायचं नाही, एवढंच." दुसऱ्या कुंडीखाली ओदिलानं तिची केक भाजायची थाळी दिली. म्हणाली, "केक फेटायला हात कुठे आहेत आता."

त्या दिवसानंतर सार्जंट ऐकू लागला. उन्हाळा चढला तसं त्यानं झाडं मोठ्या कुंड्यांत हलवली, सकाळी ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशी जागा शोधली. पानांच्या खालची बाजू तपासायला शिकला, शेंडा खुडायलाही शिकला. पाणी जास्त घालायची खोड मात्र जाईना. सेलिका आली की आधी बोट मातीत खुपसायची आणि म्हणायची, "बुडवताय बिचाऱ्याला." एलादिओला ती कुठे जाते ते माहीत होतं. तो विचारत नसे, तीही सांगत नसे.

जानेवारीत सेलिकानं एका झाडाच्या पेरांशी डोळे बारीक करून पाहिलं. सेलिकाच्या बियांचं हे झाड दोघांत उंच आणि देखणं होतं. फांदीच्या खोबणीत इवल्या गोळ्यांचे घोस लटकत होते.

"नर आहे. उपटा."

"हे? एवढं वाढलेलं?"

"आजच. परवा हे फुटलं तर त्या दुसऱ्या मादी झाडात बियाच बिया धरतील, औषधाला काही उरणार नाही."

सार्जंटनं बुंधा धरला आणि तसाच थांबला.

"काय झालं?" सेलिका म्हणाली. "उपटायचं तुम्हाला मी शिकवायला हवं का?"

टोमणा जिव्हारी लागला असावा. त्यानं बुंधा सोडला आणि कुंडीशेजारच्या स्टुलावर बसला.

"तुमच्याकडे शिरलो त्या दिवशी मला वरून हुकूम नव्हता," तो म्हणाला. "लोकांना वाटतं, होता. कुणी तक्रारही केली नव्हती. वर्ष संपत आलेलं, अहवालात दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. एक कोंबडीचोर आणि दोन भांडणं. झाड तिथं आहे हे मला आधीपासून माहीत होतं. बढती हवी होती."

"मिळाली?"

"पुढच्या मार्चला."

सेलिकाला वाटलं होतं की असं काही कधी ऐकलं तर ती किंचाळेल. प्रत्यक्षात तिला फक्त दमल्यासारखं झालं. तिनं स्वतःच बुंधा धरला, झाड उपटलं, मुळांची माती झटकून ते खताच्या खड्ड्यात टाकलं.

"हे मला सांगून काय उपयोग," ती म्हणाली. "आठ महिने मी नव्हते काढले."

त्यानंतर ती त्या घरी गेली नाही. फेब्रुवारीत कार्निव्हलचे ढोल वाजून गेले. ओदिला रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, झाडाला फुलोरा आलाय, घरभर वास सुटलाय, म्हातारा त्याच्याशी बोलतो. "तू ये ना." सेलिका म्हणाली, "बघते."

मार्चच्या मध्याला पाऊस लागला तो पाच दिवस हटला नाही. एलादिओचं काम सार्जंटच्या शेजारच्या घरी चालू होतं. पाऊस जरा उघडला तेव्हा तो भिंतीच्या डोक्यावर चढला आणि त्याला पलीकडचं अंगण दिसलं. झाड उघड्यावर चिंब उभं होतं. कणसासारखे भरलेले तुरे वजनानं वाकले होते आणि सगळ्यात जाड तुऱ्यातून एक तपकिरी, मेलेलं पान बाहेर डोकावत होतं.

एलादिओनं थापी खाली ठेवली. मग तो खाली उतरला, वळसा घालून गेला आणि फाटकाशी टाळ्या वाजवल्या.

सार्जंटनं दार उघडलं. बावीस वर्षांत दोघं इतके जवळ उभे राहिले नव्हते.

"झाड सडतंय तुझं," एलादिओ म्हणाला. "झाकलं का नाहीस?"

"पाणी पडलं तर चांगलं, असं मला..."

"फुलोऱ्यावर? कात्री आण. अल्कोहोलही आण."

तो तुरा एलादिओनं बोटांनी उकलून दाखवला. आत करडी बुरशी लोकरीसारखी पसरली होती. वाईट भागाच्या चार बोटं खालून त्यानं कापलं आणि तुकडे पिशवीत टाकले. प्रत्येक कापानंतर कात्री सार्जंटकडे द्यायची, सार्जंटनं अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसून परत द्यायची. असं काम चालू असताना सार्जंटनं त्याला तेच सांगितलं, जे सेलिकाला सांगितलं होतं. या वेळी बढतीपासून सुरुवात केली.

एलादिओचा हात थांबला नाही.

"माहीत होतं," तो म्हणाला. "तुरुंगातल्या शिपायांनीच सांगितलेलं. हसत होते. एका झाडासाठी आलाय म्हणून."

"मी..."

"माफीबिफी मागू नकोस. मला ती द्यायची नाही आणि नाही म्हणत इथं उभंही राहायचं नाही. कात्री पूस."

सार्जंटनं कात्री पुसली.

"उद्या सगळं काप," एलादिओ जाताना म्हणाला. "दोन आठवडे लवकर होईल, होऊ दे. अंधाऱ्या खोलीत दोरीला उलटं टांग, खिडकी फटभर उघडी. काडी मोडताना कट्ट आवाज आला की वाळलं."

घरी येऊन त्यानं हात धुतले आणि सेलिकापुढे बसला. सगळं सांगून झाल्यावर ती रडायला लागली. "झाड माझं होतं रे," ती म्हणाली. हे वाक्य ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"मग काय, मला ठाऊक नव्हतं?" तो म्हणाला. "आईला चोळायला तूच हवी होतीस. मला जमलं असतं का ते? पाणी ठेव, मातेचा चहा पिऊ."

सहा झाडांच्या कागदावर सार्जंटच्या हाती शेवटी दीड बरणी आली. एक बरणी सेलिकानं अल्कोहोलमध्ये घातली आणि महिनाभर कपाटात मुरवली. ओदिलाची बोटं सरळ झाली नाहीत, होणारही नव्हती. पण चोळल्यावर सकाळचे दोन-तीन तास ठणका कमी असे, तेवढ्यात ती स्वतःच्या वेण्या घालून घेई. सार्जंट आणि एलादिओ रस्त्यात भेटले तर आजही नमस्कार करत नाहीत. एलादिओ सरळ पुढे बघत जातो, सार्जंट टोपीला हात लावतो.

मे महिन्यात सेलिका पोस्टात गेली आणि स्वतःचं नाव नोंदवून आली. सही करण्याआधी तिनं दोनदा मागं वळून दाराकडे पाहिलं. खिडकीमागच्या मुलीला वाटलं बाईंना थंडी वाजतेय, तिनं उठून दार लावून घेतलं.