केसपेपरात न मावलेले सहादू गांगुर्डे

नाव: सहादू गांगुर्डे. इथवर सगळं खरं.

वय: सदुसष्ट. हास्यक्लबात साठ.

व्यवसाय: एसटीचे निवृत्त मेकॅनिक. त्यानंतर कॉलनीचे फुकटचे डॉक्टर. हे लिहायला जागा नव्हती.

तक्रार: डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी, अन्न बघितलं की मळमळ. लताबाईंना विचारलं असतं तर तक्रार एकच: नवरा.

दारू: "कधी शिवलो नाय." पहिल्यांदाच त्यांना याचा पश्चात्ताप झाला. निदान तिच्यावर तरी ढकलता आलं असतं.

औषधे: "एकपण नाय."

डॉक्टर तेजलने पेन खाली ठेवलं. "काका, लिव्हरला सूज आहे. संसर्गाची कावीळ नाही, त्याचे रिपोर्ट स्वच्छ आहेत. पोटात काय जातंय?"

पूड जात होती. पण पूड म्हणजे काय औषध? झाडपाला तो. द्वारका चौकातल्या पुलाखाली गाडीवर मिळायची. पुडीवर नाव नाही, म्हणजे कंपनीची लबाडी नाही, असा सहादूंचा तर्क. दीड महिन्यात गुडघे पळायला लागले, म्हणून क्लबातल्या सात जणांना वाटली. सगळे 'डॉक्टरसाहेब' म्हणू लागले. आता तोंड उघडायचं म्हणजे ते सातही जण तुटणार.

लताबाईंनी पिशवीतून पुडीने भरलेली लोणच्याची जुनी बरणी काढून टेबलावर ठेवली. "ही जाते. रोज एक चमचा. डोळे पिवळे झाल्यापासून दोन."

"दोन का?"

"कावीळ उतरावी म्हणून," सहादू पुटपुटले.

डॉक्टरने बरणी स्वतःकडे ओढून घेतली. "आजपासून बंद. बरणी तपासणीला जाईल, तुम्ही इथेच राहाल. आणखी कोण घेतं ही?"

सहादूंनी पंख्याकडे पाहिलं. "कोणी नाय."

"अहो," लताबाई म्हणाल्या, "तुमच्या क्लबातल्या शकुबाईला दोन दिवस जेवण जात नाही."

मग सहादूंनी फोन काढला.

इतर माहिती: हास्यक्लबचा ग्रुप.
सहादू: पूड बंद करा. मला कावीळ झाली. सोबत डोळ्यांचा फोटो.
सावळीराम: फिल्टर लय भारी 😂
फुलाबाई: 🙏🙏
पुंजा: माझी संपली, येताना आणा.

सहादूंनी कपाळावर हात मारला आणि थेट व्हिडिओ कॉल लावला.

"शकुबाई, उजेडात या. खालची पापणी ओढा."

"का हो डॉक्टरसाहेब?"

"डॉक्टर खरी इथं समोर बसलीय," सहादू म्हणाले. "मी मेकॅनिक. ओढा पापणी."