अमावस्येला उघडा बाजार

पुजा टेकडीवरून खाली आली ती जवळजवळ घसरतच. पाचवा महिना चालू, पायात झिजलेली स्लिपर, हातात मोबाईल.

"याडी, एकोणीसशे," ती दारातच सासूला म्हणाली. "एका प्रमाणपत्राला एकोणीसशे. आन् उद्यापासून सरकार त्याच्या सोताच्या साठ्यातले काढून राहिलं इकायला."

रूपाबाई राठोड चुलीवर पित्रांची खीर ढवळत होती. पळी हातात तशीच राहिली.

"काहून?"

"भाव लई वाढला म्हणून. सिमेंटवाले रडून राहिले म्हणं."

औंढा नागनाथच्या मागच्या डोंगरातला हा तांडा. इथल्या एकोणीस बायकांनी गट केला होता. कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावर पेटवून द्यायच्या ऐवजी त्या खड्ड्यात झाकून जाळायच्या, कोळसा करायचा, तो चुरून रानात पुरायचा. त्यामुळं जो धूर आभाळात गेला नाही, त्याची मोजणी होऊन गटाला प्रमाणपत्रं मिळाली होती. धूर सोडणारे कारखाने ती विकत घेतात. दोन महिन्यांपूर्वी भाव आठशे होता.

भाव वाढला की सरकार जागं होतं, हे रूपाबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. भाव पडतो तेव्हा मात्र ते घोरत असतं. कानाशी हलगी बडवा, कूस बदलत नाही. दहा वर्षांमागं तूर अशीच चढली होती. अजून पंधरा दिवस थांबू म्हणून रूपाबाईनं पोती घरात ठेवली. तेवढ्यात जहाजं भरभरून तूर परदेशातून आली आणि घरातली तूर मातीमोल झाली. त्या साली ती पोटुशी असताना ऊसतोडीला गेली. फडात लेक झाली. सातव्या दिवशी फडाच्याच बांधाला पुरली.

आता परवा ऊसतोडीला माणसं न्यायला मुकादम येणार होता. प्रमाणपत्रं चढ्या भावात गेली तर तिचा लेक सेवा आणि सून पुजा घरी राहणार होते. नाही गेली तर ऐन थंडीत पुजा उसाच्या फडात बाळंत होणार होती.

आणि विक्री ठरली होती उद्याची, घटस्थापनेची. तांड्याचा नायक फुलसिंग बैठकीत म्हणाला होता, अमावस्येला मोंढा बंद असतो, तसा हाही बाजार बंदच असंल. एकोणीसच्या एकोणीस जणींनी मान डोलावली. रूपाबाईनंही. कुणी विचारलंच नाही.

"आज चालू हाय?" तिनं आता विचारलं.

"चालू हाय, याडी. चारला बंद होतो."

"किती वाजले?"

"सव्वातीन."

रूपाबाईनं खिरीचं पातेलं उतरवलं आणि पदर खोचला.

विकायला दोन ओटीपी लागत. एक अध्यक्षाचा, म्हणजे रूपाबाईचा. दुसरा सचिवाचा. सचिव होती नायकाची बायको नर्मदाबाई. पण तिचा मोबाईल असायचा नायकाच्या खिशात. तिचं सचिवपण तेवढंच.

फुलसिंग लिंबाखाली बाजेवर बसला होता. जवळच नर्मदाबाई चारपाच बायकांबरोबर पत्रावळी लावत होती. रूपाबाईनं सगळं सांगितलं.

"आज पित्रांची अमावस्या हाय," नायक म्हणाला. "घरातलं काही बाहेर जात नसतं. उद्या पाहू."

"उद्या सरकार येऊन राहिलं बाजारात, नायक. आपल्याआधी त्याचं दुकान लागंल."

"मोंढा बंद हाय आज."

"मोंढा बंद हाय. दिल्ली उघडी हाय."

"तुला लई दिल्ली कळती."

"दिल्ली न्हाई कळत. तूर कळती. तुमची बी पोती तवा माझ्या पोत्यांसारखीच घरात सडली. इसरलात व्हय?"

"घरातली लक्ष्मी अमावस्येला..."

"लक्ष्मी कुठली, नायक? न झालेला धूर इकून राहिलो आपण. तो घरात कवा होता, बाहेर जायला?"

कुणीतरी फिसकन हसलं. फुलसिंगनं खिशावर हात ठेवला.

तेव्हा नर्मदाबाई उठली. तीस वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. ती बाजेपाशी आली, त्याचा हात बाजूला केला आणि चारचौघांत त्याच्या सदऱ्याच्या खिशातून मोबाईल काढून घेतला.

"सही माझी हाय," ती म्हणाली. "चल गं रूपा."

रेंज फक्त टेकडीच्या माथ्यावर. दोघी बायका लुगडी सावरत चढू लागल्या. "तू थांब," असं रूपाबाई दोनदा बजावूनही पुजा मागून आलीच. मोबाईल चालवणार कोण? तिच्याही मागून फुलसिंग, शिव्या देत, पण येत होता.

माथ्यावर पोचल्या तेव्हा पावणेचार झाले होते. भाव एकोणीसशे वीस. पुजानं सगळी प्रमाणपत्रं विक्रीला टाकली. रूपाबाईचा ओटीपी आला, भरला. नर्मदाबाईचा आला, ती एकेक आकडा वाचू लागली. चष्मा खाली राहिला होता. तिनं तीनच्या जागी आठ वाचला.

"चुकला," पुजा म्हणाली. "दुसरा मागवते."

एक रेघ रेंज. कधी असे, कधी नसे. तीन त्रेपन्न. तीन पंचावन्न. मोबाईल किणकिणला तसा फुलसिंगनं तो बायकोच्या हातातून ओढला, डोळ्यांपासून लांब धरला आणि सहाही आकडे बैठकीतल्या निवाड्यासारखे ठणठणीत वाचले.

पुजा पडद्याकडे पाहत राहिली.

"गेले," ती म्हणाली. "सगळे."

रूपाबाई तिथंच दगडावर बसली. नर्मदाबाईनं मोबाईल परत घेतला आणि या खेपेला स्वतःच्या कमरेला खोचला. नायकानं पाहिलं आणि टेकडी उतरायला लागला.

दुसऱ्या दिवशी सरकारनं साठा सोडला. दुपारपर्यंत भाव अकराशेवर आला. कारखान्यांचं रडणं थांबलं असावं.

तिसऱ्या दिवशी मुकादमाची जीप आली.

"तुमच्या घरचा कोयता धरू ना, मावशी?" त्यानं वही उघडत विचारलं. जोडप्याला तो कोयता म्हणे.

रूपाबाई धारेच्या दगडावर खरोखरचा कोयता घासत होती. तिनं अंगठ्यानं धार पाहिली.

"एकच हाय," ती म्हणाली. "आन् तो औंदा पऱ्हाट्या तोडायला लागतो."